इंग्रजी विशेषणाचा विग्रह कसा करावा: ‘मॅग्नॅनिमस’

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी भाची परवा एकच शब्द घोकत बसली होती: मॅग्नॅनिमस, उदार, मॅग्नॅनिमस, उदार. म्हटलं, अगं, घोकतेस काय? संस्कृतच्या तासाला ‘पीतांबर’ सोडवतेस, तसा हाही सोडव.

आधी शेपूट कापा. शेवटचा ‘-अस’ हा विशेषणाचा प्रत्यय. ‘फेमस’, ‘नर्व्हस’च्या मागेही तोच. उरलेल्याचे दोन तुकडे पडतात. लॅटिनमध्ये ‘माग्नुस’ म्हणजे मोठा, ‘अनिमुस’ म्हणजे मन, जीव, हिंमतसुद्धा.

आता समास ओळखा. घसरायला होतं ते इथेच. ‘मोठं मन’ म्हटलंत तर तो कर्मधारय झाला. पण हा शब्द मनाबद्दल नाही, माणसाबद्दल आहे: मोठं आहे मन ज्याचं असा तो. चोख बहुव्रीही, आपल्या ‘महात्मा’सारखा! रोमनांनी तो ग्रीक ‘मेगालोप्सुखोस’च्या धर्तीवर घडवला. अ‍ॅरिस्टॉटलचा असा माणूस स्वतःला मोठ्या मानाला पात्र समजतो आणि खरोखर असतोही. आजच्या इंग्रजीत मात्र हरलेल्याला न हिणवणारा, झालंगेलं विसरणारा तो मॅग्नॅनिमस. म्हणून विग्रह झाला तरी आजचा वापर शब्दकोशात पाहायचाच.

मग नातेवाईक शोधा. मला यातच जास्त मजा वाटते. ‘माग्नुस’ आपल्या ‘महत्’चा भाऊबंद. ‘अनिमुस’चं नातं संस्कृतच्या ‘अन्’, म्हणजे श्वास घेणे, या धातूशी; ‘प्राण’ आणि ‘अनिल’ त्यातूनच आले. इंग्रजीत ‘युनॅनिमस’ म्हणजे एकमताचा, ‘प्युसिलॅनिमस’ म्हणजे इवल्याशा मनाचा, भित्रा.

कानावर मात्र भरवसा ठेवू नका. ‘अनॉनिमस’ याच घरातला वाटतो, पण तो ग्रीक, अर्थ ‘नाव नसलेला’. ‘मॅग्नेट’चाही, म्हणजे लोहचुंबकाचा, ‘माग्नुस’शी संबंध नाही, ते नाव मॅग्नेशिया या प्रदेशावरून पडलं.

शेवटी मराठी प्रतिशब्द. बडोद्याला हा नाद जुनाच: सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ साली ‘सयाजी शासन शब्दकल्पतरू’ निघाला, त्यात कारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी असे पर्याय दिलेत. भाचीनं वहीतलं ‘उदार’ खोडलं, कारण उदार माणूस पैसे देतो, एवढंच तिच्या डोक्यात होतं. ‘मोठ्या मनाचा’ लिहिलं. शेजारच्या गुजराती काकींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, ‘मोटा मननो’.