ऑपरेशननंतर दुखायलंय? गोळ्या घेताना या चुका टाळा

आपल्याकडं पेशंट घरी आला की पहिली चूक सहन करण्याची होते, त्यातल्या त्यात बायांची. पिशवीचं ऑपरेशन झालेली मावशी असो नाहीतर सिझर झालेली सून, विचारलं तर "एवढं काय नाही" म्हणणार, गोळी उशाखाली ठेवणार आन् रात्री दोनला कळ सहन होईना म्हणून सगळं घर जागं. दुखणं एकदा चढलं की तीच गोळी कमी पडते. डॉक्टरनं आठ तासाला लिहिली असंल तर पहिले दोन-तीन दिवस घड्याळ बघूनच घ्या, दुखायची वाट बघू नका. दुखतंय म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, चालत नाही, मग छातीत कफ साचतो नाहीतर पायात रक्ताची गाठ होण्याची भीती. पोटाला टाके असतील तर खोकताना त्यावर उशी दाबून धरा, लई फरक पडतो.

दुसरी चूक जास्त धोक्याची. चिठ्ठीतल्या गोळीनं भागंना म्हणून कुणीतरी मेडिकलवरून "साधी गोळी" आणतं. ती असते पॅरासिटामॉल, आन् डॉक्टरच्या गोळीतबी बऱ्याचदा तेच असतं! पाकीट उलटं करून वाचा: वर असिक्लोफिनॅक १००, खाली पॅरासिटामॉल ३२५. ट्रामाडॉलच्या (जास्त दुखण्यावरच्या) बऱ्याच गोळ्यांत ते आहे, सर्दीच्या गोळीतबी आहे. धडधाकट मोठ्या माणसाला सगळं मिळून दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नको, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, नाहीतर लिव्हर खराब होतं. वजन कमी असंल, लिव्हरचा आजार असंल किंवा रोजची दारू असंल तर मर्यादा अजून खाली, ती डॉक्टरलाच विचारा.

आजीची गुडघ्याची गोळीबी देऊ नका, ती बहुतेक डायक्लोफिनॅक नाहीतर आयबुप्रोफेनच्या जातीची असते, आन् चिठ्ठीतली असिक्लोफिनॅकबी त्याच जातीची. या गोळ्या उपाशीपोटी नको, भाकरीचे चार घास तरी पोटात पाहिजेत. आन् पाणी! लघवीला उठताना टाके ओढतात म्हणून पेशंट पाणीच कमी पितो, त्यात मराठवाड्याचा एप्रिल-मे, अंगातलं पाणी घामावाटे जायलंय आन् वरून ही गोळी, किडनीवर ताण येतो. डॉक्टरनं पाणी मोजून प्या म्हणलं नसंल तर थोडं थोडं पीतच राहा.

ट्रामाडॉलनं मळमळ, गरगरणं, झोप आन् संडासला कडक हे होतंच, म्हणून एकदम उठायचं नाही, गाडी चालवायची नाही आन् दारू तर अजिबात नाही, श्वास मंदावू शकतो. तीन दिवस संडास झाली नाही तर कुंथत बसू नका, फोन करून औषध विचारा.

दुर्बिणीतून पित्ताशय काढल्यावर खांदा दुखला तर घाबरतात लोकं. पोटात भरलेल्या गॅसमुळं दुखतो तो, दोन-तीन दिवसांत जातो. भूल द्यायला मणक्यात इंजेक्शन दिलं असंल आन् उठून बसलं की डोकं फुटतं, आडवं झालं की थांबतं, तर ते मात्र डॉक्टरला सांगा, त्यावर इलाज आहे.

रक्तवाढीच्या (लोहाच्या) गोळ्यांनी संडास काळी होते, पण डांबरासारखी चिकट, घाण वासाची झाली तर पोटात रक्तस्राव असू शकतो. एकाच पायाची पोटरी सुजली, दम लागला, अंगावर गांधी उठून तोंड सुजलं, लघवी बंद झाली, ताप चढून टाक्यातून पू यायला लागला किंवा पेशंट हाक मारून जागा होईना, तर सकाळची वाट बघू नका, १०८ लावा आन् निघताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं, शुगर-बीपीचीबी, पिशवीत सोबत घ्या.