गेटजवळचा बुटका बोर्ड: माझा अनुभव

आमची इमारत रस्त्यापासून बरीच आत, समोर झाडी. भिंतीवरचा बोर्ड रस्त्याला समांतर, त्यामुळे गाडीवाल्यांना तो दिसेपर्यंत गेट मागे पडलेलं असायचं. उंच खांबाचा बोर्ड नको होता. वाऱ्याचा जोर, मोठा पाया आणि दिवा गेला की शिडी. म्हणून जमिनीलगतचा, दोन्ही बाजूंनी वाचता येणारा बोर्ड रस्त्याला काटकोनात बसवला. ‘पुढे गेलो, वळून येतो’ असे फोन जवळपास थांबले.

आधी त्याच मापाचा प्लायवूड उभा करून दोन्ही दिशांनी गाडीतून पाहिला. ढोबळ हिशेब असा: दर 10 फूट अंतराला 1 इंच उंच अक्षर, म्हणजे 100 फुटांवरून वाचायला 10 इंच. एवढ्यात फोन नंबर, सेवांची यादी कुठून मावणार? नाव आणि बाण, बस. (भागीदार थोडे रुसले.)

गेटमधून बाहेर पडताना येणारी वाहनं दिसतात का, हे ड्रायव्हरच्या सीटवर बसूनच तपासलं आणि जागा थोडी आत सरकवली. परवानगीतली उंचीची आणि अंतराची अट आधीच बघून ठेवली होती. वायरचा पाइप मात्र काँक्रीट ओतण्याआधीच टाकून घ्या. आणि खालची ओळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर ठेवा, नाहीतर पावसाळ्यात गवत ती झाकून टाकतं.