पिक्सेल आर्टमधलं पात्र चालत का नाही? फ्रेम वाढवण्याआधी या चुका टाळा

पिक्सेल आर्टमध्ये, म्हणजे एकेक चौकोनी ठिपका भरून काढलेल्या चित्रात, पात्राची चाल जमली नाही की हात आपोआप नवीन फ्रेमकडे, म्हणजे हालचालीच्या आणखी एका चित्राकडे जातो. माझाही जायचा. ३२ बाय ३२ पिक्सेलच्या एका शिपायासाठी मी १२ फ्रेम काढल्या, त्यात दोन रात्री घालवल्या, आणि तरीही तो बर्फावरून घसरत गेल्यासारखाच दिसायचा. शेवटी वैतागून आठ फ्रेम उडवल्या, उरलेल्या चारांच्या पोझ जरा ताणल्या, वेळा बदलल्या, आणि गडी चालायला लागला.

१९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समधला छोटा मारिओ चालतो तो फक्त तीन चित्रांवर. वेग वाढला तरी चौथं चित्र येत नाही, तीच तीन भराभर फिरतात. त्यामुळे फ्रेम कमी पडतात ही तक्रार मी हल्ली सगळ्यात शेवटी ऐकून घेतो.

सगळ्या फ्रेमना सारखाच वेळ

असेप्राइट या पिक्सेल आर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये नवी फाइल उघडली की फ्रेमचा वेळ १०० मिलिसेकंद असतो, आणि कित्येक जण त्या आकड्याला कधी हातच लावत नाहीत. समजा तलवारीचा वार चार फ्रेममध्ये काढलाय: तलवार मागे ओढलेली, मधला फटकारा, वार लागलेला, आणि सावरणं. चारही फ्रेम १०० वर ठेवल्या तर शिपाई अंगण झाडतोय असं वाटतं. आता चित्रं तशीच ठेवा आणि वेळा अनुक्रमे १८०, ४०, १४० आणि १०० करा. एक पिक्सेलही न हलवता वाराला वजन येतं, कारण डोळ्याला आधी ताण दिसतो, मग झटका, आणि मग झटक्याचा परिणाम बघायला उसंत मिळते.

त्या ४० मिलिसेकंदांच्या फ्रेममध्ये तलवार नीट रेखाटत बसू नका. दोन रंगांची एक कमान ओढा, म्हणजे स्मिअर (वेगाचा फराटा). थांबवून पाहिली तर ती फ्रेम ओबडधोबड दिसेल. दिसू द्या. ती थांबवून बघायची नसतेच.

गेमसाठी करत असाल तर आणखी एक भानगड आहे. खेळाडूच्या पात्राने तलवार मागे ओढण्यात १८० मिलिसेकंद घालवले तर बटण अडकल्यासारखं वाटतं. तिथे तयारी ६०-७० वर आणा आणि वाचलेला वेळ सावरण्यात टाका. शत्रूच्या बाबतीत उलट करा: त्याची तयारी लांबवा, म्हणजे समोरच्याला वार चुकवायला वाव मिळतो.

दोन्ही पाय एकाच रंगाचे

बाजूने दिसणारी चार फ्रेमची चाल अशी असते: पाय फाकलेले आणि पुढची टाच टेकलेली, पाय जुळलेले, दुसरा पाय पुढे ठेवून फाकलेले, पुन्हा जुळलेले. गंमत अशी की पहिल्या आणि तिसऱ्या फ्रेमची बाह्याकृती जवळपास एकच असते, दुसऱ्या आणि चौथ्याचीही तशीच. दोन्ही पाय एकाच निळ्या रंगात असतील तर डोळ्याला चार फ्रेम दिसतच नाहीत, दोनच दिसतात. मग चालण्याऐवजी कात्री उघडमिट केल्यासारखा प्रकार होतो, आणि आपण पाचवी-सहावी फ्रेम काढायला बसतो.

उपाय एका मिनिटाचा आहे. पलीकडचा पाय आणि पलीकडचा हात एक छटा गडद करा. जुळलेल्या दोन फ्रेममध्येही कोणता पाय अलीकडे आहे ते कळलं पाहिजे. उचललेल्या पायाचा गुडघा एक-दोन पिक्सेल पुढे आणला की कळतं. हात पायाच्या उलट हलतो हे सगळ्यांना पाठ असतं, पण १६ पिक्सेलच्या पात्रात घाईघाईत तोच हात हमखास चुकीच्या बाजूला जातो.

शरीराची वरखाली हालचालही इथेच बिघडते. पाऊल टाकताना उसळी असते असं समजून बरेच जण पाय फाकलेल्या फ्रेममध्ये धड वर नेतात. प्रत्यक्षात पाय फाकले की कंबर खाली येते आणि सरळ पाय अंगाखाली आला की माणूस सगळ्यात उंच असतो. म्हणून जुळलेल्या फ्रेममध्ये धड एक पिक्सेल वर, फाकलेल्यात खाली. शंका असेल तर आरशासमोर आडवं चालून बघा, मी दार लावून बघितलंय.

पाय जमिनीवर घसरतात

हा दोष चित्रात नसतोच, त्यामुळे चित्र कितीही सुधारलं तरी जात नाही. फाकलेल्या फ्रेममध्ये दोन पावलांत १२ पिक्सेल अंतर आहे असं धरा. चार फ्रेमच्या एका फेरीत दोन पावलं पडतात, म्हणजे पात्र २४ पिक्सेल पुढे जायला हवं. प्रत्येक फ्रेम १२० मिलिसेकंदांची असेल तर फेरीला ४८० लागतात, म्हणून वेग सेकंदाला ५० पिक्सेल. गेममध्ये तुम्ही वेग ८० ठेवलात की पाय घसरणारच. एक तर वेग ५० वर आणा, नाहीतर फ्रेम ७५ मिलिसेकंदांच्या करा. दोन्ही पसंत नसेल तर पाऊल लांब काढा.

उभं असताना उड्या

श्वासाच्या दोन फ्रेम करताना आख्खं पात्र एक पिक्सेल वरखाली केलं की ते जागच्या जागी टुणटुणतं. पावलं, गुडघे, कंबर स्थिर ठेवा. फक्त खांदे आणि डोकं एक पिक्सेल खाली आणा, आणि प्रत्येक फ्रेमला निदान ४०० मिलिसेकंद द्या. तिसरी फ्रेम परवडत असेल तर आधी खांदे उतरवा, डोकं पुढच्या फ्रेममध्ये.

चेहरा वळवळतो

प्रत्येक फ्रेममध्ये डोकं नव्याने काढलं की डोळा कुठे एक पिक्सेल सरकतो, गालावरची सावली कुठे दोनाची तीन पिक्सेल होते. मोठ्या चित्रात हे खपून जाईल. इथे अख्खा डोळाच दोन पिक्सेलचा, तो अर्धा सरकला की माणूस बदलतो. डोकं वेगळ्या लेयरवर (थरावर) ठेवा, उचलून चिकटवा, आणि हलवायचं तर पूर्णच हलवा. हाताचं मात्र उलट. तीन पिक्सेल जाडीचा हात रोटेट टूलने फिरवला की त्याचा चुरा होतो. तो प्रत्येक कोनात हातानेच काढावा लागतो. काढून झाल्यावर जाडी मोजा. एका फ्रेममध्ये तीन आणि पुढच्यात चार झाली तर तो हात सुजल्यासारखा धडधडेल.

लूप अडखळतो, जीआयएफ मंदावते

फेरी पूर्ण करायची म्हणून शेवटी पहिल्या फ्रेमची प्रत लावली असेल तर ती काढून टाका. तेच चित्र सलग दोनदा दिसतं आणि चाल तिथे ठेचकाळते.

जीआयएफमध्ये फ्रेमचा वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात साठवला जातो, त्यामुळे वरची ७५ मिलिसेकंदांची फ्रेम तिथे ७० किंवा ८० होणार. आणि वेळ १० मिलिसेकंदांवर नेलात तर बहुतेक ब्राउझर तो १०० धरतात, म्हणजे सगळ्यात वेगवान फ्रेम सगळ्यात सुस्त होते. २० च्या खाली जाऊ नका. चित्र मोठं करायचं तर दुप्पट, तिप्पट, चौपट असं पूर्ण पटीतच करा, आणि निअरेस्ट नेबर, म्हणजे शेजारचे रंग न मिसळता पिक्सेल मोठे करणारी पद्धत निवडा. नाहीतर मोजून मापून बसवलेला तो दोन पिक्सेलचा डोळा धुक्यात जाईल.