मिगचा खोका उघडण्याआधी

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ या लढाऊ विमानाने हवाई दलाचा निरोप घेतला. १९६३ साली आलेलं विमान, ६२ वर्षं राहिलं. तेव्हापासून खोक्यातले प्लास्टिकचे सुटे भाग जोडून विमानाचं छोटं मॉडेल करायची हौस असलेली पोरं मला एकच विचारतात, "दादा, मिग करायचंय, काय काय लागेल?" आपल्या खानदेशाला या विमानाचं अगत्य वाटावं असं कारणही आहे. धुळ्याहून आग्रा रोडने नाशिककडे निघालं की नाशिकच्या अलीकडे ओझर लागतं, आणि तिथल्या एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या) कारखान्यात ही विमानं बांधली गेली. म्हणून पहिलं जेट करायचं तर मिगच करा, असं मी मनापासून सांगतो. फक्त खोका हातात पडला की लगेच ब्लेड लावू नका. आतला सूचनांचा कागद थंड हवेच्या देशात बसून लिहिलेला असतो. एअरब्रशमधून, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या हत्यारातून, निघालेला रंग प्लास्टिकवर टेकायच्या आत हवेतच वाळू शकतो, हे त्या कागदाला माहीत नाही. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात ते रोज होतं.

सगळ्यात आधी कुठलं मिग करायचं ते पक्कं करा. नुसतं मिग-२१ म्हणून चालत नाही. त्याचे प्रकार आहेत: एफएल वेगळं, बिस वेगळं, बायसन वेगळं. एफएलची पाठ सडपातळ आणि नाकावरची लांब पिटो नळी (विमानाचा वेग मोजायला हवा घेणारी) बरोबर मधोमध. बिसची पाठ फुगीर आणि नळी वैमानिकाच्या उजव्या अंगाला सरकलेली. खोक्यावर बिस लिहिलेलं असेल आणि तुम्ही त्यावर एफएलचे आकडे (विमानाचा नंबर) चिकटवले, तर जाणकाराला दारातूनच कळतं. एफएल १९७१ च्या युद्धात होतं, आणि डिसेंबर २०१३ मध्ये निवृत्त झालं. शांततेच्या काळात ते उघड्या धातूचं, चंदेरी होतं. युद्धाच्या सुमारास बऱ्याच विमानांवर हिरवे पट्टे मारले गेले. म्हणजे साल ठरल्याशिवाय रंगाची यादीच करता येत नाही. एक विमान, एक आकडा, एक साल निवडा, त्याचे चार-पाच फोटो डावी-उजवीकडून मिळवा आणि छापून टेबलासमोरच्या भिंतीवर लावा. मोबाइलमधला फोटो रंगाच्या हाताने सारखा उघडता येत नाही.

मापाचं थोडक्यात सांगतो. खऱ्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ७.१५ मीटर. १/७२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या मॉडेलमध्ये, ते १० सेंटिमीटरच्या जरा आत भरतात, १/४८ मध्ये १५ सेंटिमीटर, म्हणजे कंपासपेटीतल्या पट्टीएवढे. पहिल्या खेपेला १/४८ घ्या, डोळ्यांना आणि बोटांना सोपं जातं. चेक देशातल्या एडुआर्ड कंपनीची या मापातली मिग फार देखणी आहेत. पण त्यात बारीक भाग पुष्कळ, तेव्हा ते दुसऱ्या-तिसऱ्या मॉडेलला ठेवा.

आता वेळ आणि जागा. आपल्याकडे हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं यावरच कुणी बोलत नाही. जोडकाम बाराही महिने होतं, रंगकाम होत नाही. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा फवारलेला रंग वाटेतच वाळून प्लास्टिकवर बारीक रव्यासारखा बसतो, हात फिरवला तर खरखर लागते. पावसाळ्यात हवेत ओल असते, लॅकरवर (थिनरमधला, झटकन वाळणारा रंग) पांढुरकी साय धरते. दिवाळीनंतर होळीपर्यंतचे दिवस रंगाचे. त्यातही पहाटेच्या कडक थंडीत इनॅमल (तेलाचा रंग) वाळता वाळत नाही, म्हणून सकाळी नऊ-दहानंतर बसा. उन्हाळ्यात रंगवायचीच वेळ आली तर उलटं करा: पहाटे पाच ते सात, रंग नेहमीपेक्षा पातळ, त्यात रिटार्डरचे (रंग उशिरा वाळवणाऱ्या द्रावणाचे) दोन थेंब, आणि एअरब्रश जरा जवळ धरायचा.

कूलर बंद. हे मी हात जोडून सांगतो. कूलर गार हवेबरोबर ओल आणि वाळ्याच्या ताटीतला कचरा दोन्ही फेकतो. ओल्या चंदेरी पंखावर वाळ्याची एक काडी बसली की पंख पहिल्यापासून घासायचा. हिवाळ्यात दुसरं संकट कापसाचं. भाव वाढेल म्हणून घराघरांत खोलीभर कापूस साठवलेला असतो, आणि त्याची तूस उडतच असते. ज्या घरात कापूस भरलाय त्या घरात रंगाचं टेबल मांडू नका; शेजारी, मामाकडे, कुठेही जा. धाब्याचं घर असेल तर वरून माती झरते, टेबलावर आडवी चादर ताणून बांधा. रंग मारायच्या अर्धा तास आधी फरशी ओल्या फडक्याने पुसा, त्यानंतर खोलीत कुणाला येऊ देऊ नका. रंग वाळेपर्यंत मॉडेल झाकायला केळीचा पुठ्ठ्याचा खोका फार कामाचा. रावेर-सावद्याकडे निर्यातीची केळी ज्यात भरतात तोच. एक खोका पालथा घालायला, दुसरा आडवा ठेवून आत फवारायला. मागच्या बाजूला भोक पाडून एक्झॉस्ट पंखा बसवला की रंगाची वाफ खिडकीबाहेर जाते.

हत्यारांसाठी बाहेरून महागडा संच मागवायची गरज नाही. जळगावच्या सराफ बाजारात सोनारांची हत्यारं मिळतात, आणि सोनाराचं काम आपल्या कामाच्या फार जवळचं. अणकुचीदार चिमटे दोन, एक सरळ आणि एक वाकडा. बारीक कानशींचा जुडगा, त्यात गोल, चपटी आणि तिकोनी हवीच. डोळ्याला लावायचं भिंग. दुकानदाराला सांगा की प्लास्टिकवर चालवायचंय, तो बारीक दाताची कानस काढून देतो. वॉटर पेपर गाड्यांच्या रंगवाल्याकडे घ्या: ४००, ६००, १०००, १५०० आणि २०००, प्रत्येकी दोन. तिथेच एनसी पुट्टीची छोटी ट्यूब मिळते. सांधे भरायला चालते, पण थर पातळच द्यायचा, नाहीतर आतलं द्रावण प्लास्टिक खातं. मागवावा लागतो तो भाग तोडायचा चपटा कटर, प्लास्टिकचा पातळ सिमेंट, मास्किंग टेप, रंग आणि डेकलची (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणांची) दोन द्रावणं. यातलं जे पेट घेणारं आहे ते विमानाने पाठवत नाहीत, रस्त्याने येतं, उशिरा येतं. म्हणून ही मागणी महिनाभर आधी टाका.

पाण्याचं कुणी लिहीत नाही, पण आपल्या बोअरच्या पाण्याला क्षार किती, ते बादलीच्या कडेला बसलेल्या पांढऱ्या थरावर दिसतंच. हेच पाणी मॉडेलवर वाळलं की ठिपके पडतात, आणि डेकलखाली वाळलं तर ते ठिपके कायमचे आत राहतात. बॅटरीत टाकायचं पाणी गॅरेजवर मिळतं, एक कॅन आणून ठेवा. किटच्या सगळ्या फ्रेम, म्हणजे सुटे भाग जिला जोडलेले असतात त्या प्लास्टिकच्या चौकटी, आधी भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, कारण साच्यातून निघताना प्लास्टिकला तेलकटपणा राहतो. शेवटची धार बॅटरीच्या पाण्याची. मग सावलीत वाळवा. सावलीतच. मी एकदा धुतलेले भाग मे महिन्यात गच्चीवरच्या पत्र्यावर पसरून जेवायला गेलो. तासाभराने आलो तर शेपटीचा उभा पंख भाजलेल्या पापडासारखा कडेने वळला होता. गरम पाण्यात धरून सरळ करायला गेलो, तो अजून बिघडला. त्या वेळी सुटा भाग कुठे मिळत नव्हता, अख्खं मॉडेल तसंच राहिलं.

हातांचंही तेच. रंगाचे दिवस नेमके भरिताचे दिवस. भरीत-पुरी खाऊन पाण्याने नुसते हात धुतले तर तेल बोटांना राहतंच. त्या बोटाचा ठसा चंदेरी रंगाखालून दोन दिवसांनी वर येतो, किंवा टेप काढताना रंग तिथूनच सुटतो. साबणाने दोनदा हात धुवा आणि पातळ हातमोजे घाला.

जोडायच्या आधी नाकातल्या वजनाची सोय बघा. मिगचं बरंचसं अंग मागच्या चाकांच्या मागे, त्यामुळे नाकात वजन नसेल तर मॉडेल शेपटीवर बसतं, आणि धड एकदा चिकटलं की आत काही घालता येत नाही. नाकाच्या तोंडातला पुढचा शंकू पोकळ असतो, तिथेच जागा. तापीकाठी कोळ्याच्या जाळ्याचं शिसं मिळतं, ते पुष्कळ जण घालतात. पण शिसं आणि फेव्हिकॉल एकत्र आणू नका. काही वर्षांत शिशावर पांढरा क्षार धरून ते फुगतं आणि नाक आतून फुटतं. सायकलचे पोलादी छर्रे घ्या आणि अॅरल्डाइटने बसवा. किती घालायचे ते आधी बघा: धड, पंख, चाकं कागदी टेपने तात्पुरती जोडा, धड मागच्या चाकांच्या जागी पट्टीच्या धारेवर तोला, नाक पुढे झुकेपर्यंत शंकूत छर्रे टाका, मग दोन जास्तीचे.

चिकटवायचं फार काही नाही. पातळ सिमेंटचा कुंचला सांध्याला टेकवला की तो आपोआप आत ओढला जातो. भाग आधी जुळवून धरायचे, मग टेकवायचं. काचेला, म्हणजे कॅनॉपीला, फेव्हीक्विक अजिबात नाही, त्याच्या वाफेने काच धुरकट होते. तिथे फेव्हिकॉल. कॉकपिट त्याच्या आधी रंगवून झालं पाहिजे. आतला रंग तो रशियन विमानांचा खास हिरवट-निळा, मोरपिसाच्या जवळ जाणारा. तो कुठल्याही निळ्यात हिरवा मिसळून भागवू नका, फोटो समोर ठेवून आधी प्लास्टिकच्या तुकड्यावर जुळवा.

रंगासाठी ०.३ मिलिमीटर नोझलचा एअरब्रश पहिल्याला पुरतो. कॉम्प्रेसर टाकीवाला घ्या. एक तर हवेचा दाब एकसारखा राहतो, आणि पंखाच्या मध्यावर असताना लाईट गेली तरी टाकीतल्या हवेवर तो हात पुरा करता येतो. पाणी अडवणारा फिल्टर असलाच पाहिजे. दाब १५ ते २० पीएसआय. रंग दुधाइतका पातळ: वाटीच्या कडेला ओढला की सरळ ओघळला पाहिजे, मागे पारदर्शक पडदा राहिला पाहिजे.

उघड्या धातूचं एफएल करणार असाल तर तयारी दुप्पट. हिरव्या-मातकट रंगाखाली बारीक ओरखडा लपतो, चंदेरीखाली तोच ओरखडा विजेच्या तारेसारखा चमकतो. म्हणून सांधे ४०० पासून २००० पर्यंत पायरी न गाळता, पाणी लावून घासा. दिव्याखाली तिरपं धरून बघा, सांधा दिसतो का. डोळे मिटून नखाने बघा, सांधा लागतो का. मग चकचकीत काळा रंग, आणि तो पूर्ण वाळल्यावर, निदान दोन दिवसांनी, त्यावर लॅकरचा चंदेरी, अगदी पातळ थरांत. काळा जेवढा आरशासारखा, तेवढी चांदी खरी. सगळे पत्रे एकाच छटेचे नसतात. इंजिनाजवळचे जरा काळपट, भाजलेले. दोन-तीन पत्रे टेपने आखून वेगळ्या छटेत मारले की विमान जिवंत दिसायला लागतं. टेप आधी तळहातावर दोनदा चिकटवून काढा, म्हणजे त्याचा चिकटपणा उतरतो. उकाड्यात टेप रात्रभर ठेवू नका, गोंद वितळून खाली राहतो.

डेकलच्या दिवशी घाई नको. आधी चकचकीत क्लिअरचा (पारदर्शक रंगाचा) थर, कारण खरखरीत रंगावर डेकलखाली हवा अडकते आणि कडेने चांदी दिसते. कोमट पाणी, २०-३० सेकंद, कागदावरून सुटू लागलं की कुंचल्याने सरकवायचं. आपल्या हवाई दलाचं चक्र बाहेरून केशरी, मग पांढरं, मधे हिरवं. जुन्या किटमधला केशरी कधी कधी विटकरी छापलेला असतो, तो फोटोशी ताडून बघा आणि नको वाटला तर वेगळी शीट मागवा.

वाफेचा मास्क डबल फिल्टरचा घ्या, कापडी नाही. थिनर उघडा असताना त्या खोलीत उदबत्ती, निरंजन, गॅस काही नको; ज्या घरात लहान मूल आहे तिथे बाटल्या कुलपात.

हे सगळं जमलं की पहिल्या रात्री फक्त एवढं करा. फ्रेम्स खोक्यातून काढा, सूचनांच्या कागदाशी मोजा, काचेला तडा आहे का ते दिव्याशी धरून बघा. काही कमी असेल तर ते कळायची वेळ हीच, कारण भाग तोडल्यावर विक्रेता बदलून देत नाही. मग धडाचे दोन अर्धे तेवढे तोडा, कडा साफ करा, टेपने जोडा, आणि भिंतीवरच्या फोटोशेजारी धरा. तिथे पाठीचा उतार जुळला तर दुसऱ्या दिवशी सिमेंटची बाटली उघडा.