मिडब्रेनमधला काळा पट्टा कसा वाचायचा

पॅथॉलॉजीत तीस वर्षं शिकवलं. नवे पीजी (पदव्युत्तर विद्यार्थी) आले की पहिल्या आठवड्यात मी त्यांच्याकडून एक काम हमखास करून घ्यायचे: मेंदू हातात घ्या, मिडब्रेन, म्हणजे मेंदूच्या देठाचा वरचा भाग, कापा आणि स्लाइड बनायच्या आधी मला सांगा, सब्स्टॅन्शिआ नायग्राचा, म्हणजे तिथल्या काळ्या पट्ट्याचा, रंग काय म्हणतोय. निवृत्त झाले तरी जुनी मुलं कापाचे फोटो पाठवतात. "मॅडम, हा फिका म्हणायचा का?" त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते आहे.

ब्लेड उचलायच्या आधी फॉर्मवरचं वय वाचा. मी स्वतः शिकत असताना एका मेंदूचा नायग्रा फिका दिसला आणि मी तसं लिहून मोकळी झाले. सरांनी काही न बोलता फॉर्मवर बोट ठेवलं. वय चार वर्षं. नवजात बाळाच्या नायग्रात रंग नसतोच. न्यूरोमेलॅनिनचे, म्हणजे हा काळा रंग देणाऱ्या द्रव्याचे, कण साधारण तिसऱ्या वर्षाच्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागतात आणि नुसत्या डोळ्यांना काळेपणा जाणवायला आणखी काही वर्षं जातात. त्या मुलाचा फिका नायग्रा अगदी निरोगी होता. तोच फिकेपणा सत्तरीच्या माणसात दिसला तर मात्र थांबून बघायचं.

मेंदू घट्ट होण्यासाठी 10 टक्के फॉर्मलीनमध्ये निदान दोन आठवडे राहू द्या. मेंदूच्या तळाच्या बेसिलर आर्टरी या रक्तवाहिनीखालून दोरा घालून तो टांगलेला हवा, तळाला टेकला तर चपटा होतो. मग तिसरी क्रेनियल नर्व्ह (मेंदूतून निघणारी तिसरी नस) जिथून बाहेर पडते त्या पातळीवर, ब्रेनस्टेमच्या (मेंदूच्या देठाच्या) अक्षाला काटकोनात, एकाच ओढीत काप घ्या. करवतीसारखी सुरी मागेपुढे केलीत तर पृष्ठभागावर रेषा उठतात आणि रंग कळत नाही. तिरका काप गेला की एका बाजूचा पट्टा जाड दिसतो, दुसऱ्या बाजूचा बारीक. माझ्याकडे येणाऱ्या शंकांच्या फोटोंपैकी कितीतरी निव्वळ तिरक्या कापाचे असतात. पाण्याने धुवा, टिपून घ्या, खिडकीच्या उजेडात बघा.

आता क्रस (मिडब्रेनच्या पुढच्या बाजूचा जाड पांढरा भाग) खालच्या बाजूला येईल असा काप धरा. क्रसच्या लगेच वर काळा पट्टा. त्याच्या बाबतीत "काळा की फिका" एवढ्यावर थांबू नका, फिका कुठे झालाय ते बघा. 1991 मध्ये लंडनच्या फर्नली आणि लीस यांनी पेशी मोजून दाखवलं की वयाबरोबर होणारी घट जास्त करून वरच्या, म्हणजे डॉर्सल थरात होते. पार्किन्सनमध्ये खालचा आणि बाहेरच्या बाजूचा भाग आधी ओसाड पडतो. म्हणजे म्हातारपण आणि आजार एकाच पट्ट्यात वेगवेगळ्या जागी खुणा करतात.

पण ही घट सगळीकडे सारखी धरू नका. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनोविकारांच्या संस्थेतल्या संशोधकांनी 1998 मध्ये निरोगी भारतीय मेंदूंमधल्या रंगीत पेशी मोजल्या. ब्रिटिश मेंदूंपेक्षा त्या कमी निघाल्या, आणि वयाबरोबर त्यांत घट आढळली नाही. म्हणून मी आग्रहाने सांगत आले की आपल्या विभागात निरोगी मेंदूंच्या कापांचे वयानुसार फोटो साठवा आणि तुलना त्यांच्याशी करा. परदेशी अ‍ॅटलासमधलं चित्र समोर ठेवून आपल्या माणसाचा नायग्रा फिका ठरवणं मला कधीच पटलं नाही.

दरवर्षी कुणीतरी विचारतंच, सावळ्या माणसाचा नायग्रा जास्त काळा असतो का? नाही. कातडीचं मेलॅनिन टायरोसिनेज या एन्झाइमने बनतं. न्यूरोमेलॅनिन डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन यांच्या ऑक्सिडेशनमधून साठत जातं. कातडीत रंगच नसलेल्या अल्बिनो माणसाचा नायग्राही काळाच असतो.

यानंतर मिडब्रेनच्या खालच्या पॉन्सचा वरचा भाग कापा. चौथ्या व्हेंट्रिकलच्या (द्रवाने भरलेल्या पोकळीच्या) कोपऱ्याशी दोन्हीकडे एकेक निळसर काळा ठिपका दिसेल. तो लोकस सेरुलियस. तो न पाहता नायग्राबद्दल मत देऊ नका. दोन्ही फिके असतील तर पार्किन्सन किंवा लुई बॉडी (पेशींत साठलेले प्रथिनांचे गोळे) डिमेन्शियाचा विचार आधी करा. ठिपका फिका आणि नायग्रा शाबूत असेल तर अल्झायमर मनात येऊ द्या.

मग सूक्ष्मदर्शक. न्यूरोमेलॅनिन हे भरड, गडद तपकिरी कण. त्याच्याशी घोटाळा होतो तो लायपोफ्युसिनचा: पिवळसर सोनेरी, बारीक, पेशीच्या एका कडेला गोळा झालेलं. ते म्हणजे लायसोसोमला (पेशीतल्या पचनाच्या पिशवीला) न पचलेल्या चरबीचा आणि प्रथिनांचा उरलेला गाळ. ब्रेनस्टेमच्या खालच्या टोकाच्या मेड्युलातल्या इन्फिरिअर ऑलिव्ह या पेशीसमूहात ते भरपूर सापडतं, नजर तिथे तयार करा. तरी शंका राहिली तर फ्लुरोसन्सखाली धरा, लायपोफ्युसिन स्वतःच पिवळं-नारिंगी चमकतं. वृद्धाच्या पेशीत ते असणं हा आजार नव्हे. लहान मुलाच्या पेशी त्यासारख्याच द्रव्याने फुगलेल्या दिसल्या तर मात्र बॅटन रोगाचा (मुलांमधल्या एका आनुवंशिक मेंदूविकाराचा) विचार करून लगेच वरिष्ठांना बोलवा.

नायग्रात पेशींच्या बाहेर पडलेले काळे कण मुद्दाम शोधा. पेशी मेली की रंग बाहेर सांडतो आणि मायक्रोग्लिया (मेंदूतल्या सफाई करणाऱ्या पेशी) तो गिळतात. न्यूरोमेलॅनिन लोहाला धरून ठेवतं, तोवर ते पेशीला सांभाळत असावं. प्रमाणाबाहेर साठलं की तेच तिला जड जात असावं. उंदरांच्या नायग्रात ते जवळजवळ नसतंच. 2019 मध्ये बार्सिलोनाच्या गटाने उंदरांच्या पेशींत मानवी टायरोसिनेज घालून ते तयार करवलं, तेव्हा त्या प्राण्यांत पार्किन्सनसारखी लक्षणं दिसली.

माझ्या आईला पार्किन्सन होता. हात थरथरायच्या कितीतरी आधी तिच्या हिशेबाच्या वहीतलं अक्षर बारीक होत गेलं होतं. रोज नायग्रा पाहणाऱ्या मला ते कळलं नाही. थरथर दिसू लागते तेव्हा नायग्रातल्या पुष्कळ पेशी आधीच गेलेल्या असतात, हे मी वर्गात शिकवत होते. म्हणून रुग्णाच्या कागदांत अक्षर, वास न येणं, झोपेत हातपाय झाडणं अशा नोंदी आहेत का, हे स्लाइडच्या आधी शोधा.

रिपोर्टमध्ये वय, कापाची पातळी, नायग्राचा कोणता भाग फिका, लोकस सेरुलियस कसा, पेशीबाहेर रंग आहे की नाही, लुई बॉडी दिसल्या की नाही, या क्रमाने लिहा. दोन्ही बाजू वेगळ्या लिहा. आणि कापाचा फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून काढा.