मुलांसाठी कार सीट: निवडायची कशी आणि गाडीत पक्की बसवायची कशी

बाळ-बाळंतिणीला दवाखान्यातून घरी आणायचं ठरलं की गाडीत बाळ कुणाच्या मांडीवर द्यायचं, यावर घरोघरी चर्चा होते. आजी, मावशी की आईच घेईल? खरं तर यातली एकही मांडी धडकेत कामाची नाही. ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी आपटून सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबली, तर 10 किलोचं मूल धरून ठेवायला साधारण 140 किलो वजन पेलण्याएवढी ताकद लागते. इतकी ताकद कुणाच्याच हातात नसते. आपल्याच बेल्टच्या आत बाळाला घेऊन बसणं तर त्याहून धोक्याचं, कारण मोठ्या माणसाचं सगळं वजन बाळाला बेल्टवर दाबतं.

मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली. तिच्यातल्या कलम 194 बी नुसार 14 वर्षांखालच्या मुलाला सीट बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय गाडीतून नेलं, तर 1000 रुपये दंड आहे. तरीही आपल्याकडे कार सीट अजून चैनीची वस्तूच समजली जाते. बाळाच्या खरेदीत ती पाळण्याच्याही आधी यायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिलं काम: आपली गाडी नीट पाहा

सीट मागवण्याआधी गाडीचा मागचा दरवाजा उघडा. पाठ आणि बैठक जिथे मिळतात त्या फटीत हात घाला. आत खिडकीकडच्या दोन्ही जागांवर लोखंडी कड्या लागल्या, तर गाडीत आयसोफिक्स, म्हणजे बेल्टशिवाय कार सीट थेट गाडीला अडकवायची सोय, आहे. मग पाठीमागे, डिक्कीच्या बाजूला किंवा पाठीच्या वरच्या भागात, नांगराचं चिन्ह असलेली कडी शोधा. ती टॉप टेदरची, म्हणजे कार सीटचा वरचा भाग मागे बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याची. सामान बांधायचा हूक वेगळा असतो, त्याला टेदर अडकवू नका. खात्री नसेल तर गाडीचं मॅन्युअल उघडा. त्यात लहान मुलांच्या सीटसाठी कोणती जागा चालते, याचा तक्ता असतो.

आपल्याकडची एक नेहमीची अडचण म्हणजे बाहेरून शिवून घेतलेली रेक्झिनची सीट कव्हरं. आयसोफिक्सच्या कड्या त्यांखाली झाकल्या जातात, मागच्या बेल्टची बकलं कव्हराच्या आत कोंबलेली असतात आणि गुळगुळीत रेक्झिनवर कार सीट सरकते. मागच्या सीटचं कव्हर काढून टाकणं सगळ्यांत बरं. कव्हर नवंच असेल, तर ते शिवणाऱ्याकडून कड्यांसाठी आणि बकलांसाठी नीट फटी पाडून घ्या.

बेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याची लांबीही पाहा. नवजात बाळाच्या काही सीटना बेल्टचा बराच मोठा वेढा लागतो आणि तो काही गाड्यांत आखूड पडतो. मधल्या जागेवर फक्त कमरेचा पट्टा असेल, तर तीन टोकांच्या (कमर आणि खांदा दोन्ही धरणाऱ्या) बेल्टने बसवायची सीट तिथे बसणार नाही. तीन रांगांच्या गाडीत शेवटच्या रांगेपेक्षा मधली रांग निवडा. आयसोफिक्स सहसा तिथेच असतो.

दुसरं: सीट निवडताना

सीटवर नारिंगी लेबल शोधा. त्यावर आर 44/04 असेल तर ती जुन्या युरोपीय नियमाची, वजनावर बेतलेली सीट. त्यात 13 किलोपर्यंत, 9 ते 18, 15 ते 25 आणि 22 ते 36 किलो असे गट येतात. आर 129 हा नवा नियम उंचीवर बेतलेला आहे आणि त्यात बाजूने होणाऱ्या धडकेचीही चाचणी होते. परवडत असेल तर आर 129 घ्या. लेबलच नसलेली, नुसती गादी आणि पट्टे असलेली स्वस्त ‘सीट’ ऑनलाइन दिसते, ती घेऊच नका.

सीटचं तोंड कुठे करायचं, हा निर्णय सगळ्यांत महत्त्वाचा. लहान बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड असतं, मानेचे मणके पुरते घट्ट झालेले नसतात. समोरून धडक बसली की पुढे तोंड केलेल्या बाळाचं धड पट्ट्यांनी थांबतं, पण डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. तोंड मागच्या काचेकडे असेल, तर डोकं, मान आणि पाठ एकत्र सीटच्या पाठीत दाबली जातात. म्हणून आर 129 प्रमाणे निदान 15 महिन्यांपर्यंत तोंड मागेच हवं. स्वीडनमध्ये चार वर्षांपर्यंत मुलं अशी बसतात. सीटची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत घाई करू नका. पाय दुमडावे लागतात म्हणून सीट फिरवायची गरज नाही, मुलं मांडी घालून मजेत बसतात.

वापरलेली सीट घ्यायची झाली तर तिचा इतिहास माहीत असलेल्या घरातूनच घ्या. अपघातातली सीट वरून धड दिसली तरी बाद समजावी. प्लॅस्टिकही जुनं होतं, म्हणून तळावरची बनवल्याची तारीख आणि मुदत बघा.

अमेरिकेतून कुणी सीट आणणार असेल तर आधी एक गोष्ट तपासा. तिथल्या गाड्यांचे बेल्ट बहुधा पूर्ण ओढून सोडले की घट्ट अडकतात. आपल्याकडचे बरेचसे फक्त झटका बसल्यावर अडकतात. त्यामुळे सीटवर बेल्ट पकडून ठेवणारी स्वतःची क्लिप हवी.

तिसरं: सीट बसवणं

मागे तोंड असलेली सीट पुढच्या जागेवर, चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवू नका. एअरबॅग उघडताना थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते. जागा मागचीच.

आयसोफिक्स असेल तर कार सीटचे दोन्ही लोखंडी दांडे गाडीच्या कड्यांत ‘खट्’ आवाज येईपर्यंत ढकला आणि दोन्ही खुणा हिरव्या झाल्या का ते पाहा. मग टॉप टेदर ताणून लावा किंवा सपोर्ट लेग, म्हणजे सीटच्या पुढून खाली येणारा आधाराचा पाय, गाडीच्या तळाला टेकवा. त्या पायाखाली गाडीच्या तळात सामानाचा कप्पा असेल तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये परवानगी आहे का ते पाहा, कारण पोकळ झाकणावर तो पाय टिकत नाही.

बेल्टने बसवताना मागे तोंड असेल तर बेल्ट निळ्या खुणांतून जातो, पुढे तोंड असेल तर लाल. बेल्टला पीळ नको. सीटवर गुडघा टेकवून आपलं वजन टाका आणि त्याच वेळी बेल्टचा ढिलेपणा ओढून घ्या. बकल सीटच्या कडेवर वाकडं टेकलं असेल तर ती जागा सोडून दुसरी बघा.

आता सीट जिथून बेल्ट जातो तिथे धरून हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली, तर पुन्हा सगळं सोडून नव्याने बसवा. नवजात बाळाची सीट पुरेशी कललेली हवी, नाहीतर डोकं छातीवर पडून श्वास कोंडतो. सीटवरची पातळी दाखवणारी खूण गाडी सपाट जागी उभी करून जुळवा.

चौथं: बाळाला पट्ट्यात बसवणं

आपल्याकडे बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळायची पद्धत आहे. कार सीटमध्ये तसं करू नका. पायांमधून येणारा पट्टा नीट बसायला पाय मोकळे हवेत. झबलं-चड्डी घालून बसवा, पट्टे लावा आणि थंडी असेल तर दुपटं वरून पांघरा. जाड स्वेटरही नको. धडकेत तो दबतो आणि पट्टे सैल पडतात.

बाळाचं बूड पार मागे सरकवा. मागे तोंड असेल तर खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा जरा खालून यायला हवेत, पुढे तोंड असेल तर पातळीवर किंवा जरा वरून. कमरेकडचा ढिलेपणा आधी वर ओढा, मग समोरची पट्टी खेचा. खांद्यावर पट्टा चिमटीत धरून पाहा. घडी चिमटीत आली तर अजून घट्ट करा.

उन्हात उभ्या गाडीत बकल चटका बसेल इतकं तापतं. गाडी सोडताना सीटवर पांढरा पंचा टाका आणि बसवण्याआधी बकलाला हात लावून पाहा. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी थांबून बाळाला सीटबाहेर काढा. घरी पोहोचल्यावर झोपलं असलं तरी अंथरुणावर ठेवा, सीटमध्येच ठेवू नका.

पुढे बूस्टर

पट्ट्यांची मर्यादा संपली की पाठ असलेला बूस्टर, म्हणजे गाडीचाच बेल्ट नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणारी सीट. साधारण 135 ते 150 सेंटिमीटर उंचीपर्यंत तो लागतो. बूस्टर सोडण्याआधी मुलाला साध्या सीटवर बसवून पाहा. पाठ टेकलेली असताना गुडघे सीटच्या कडेवर वाकतात का? कमरेचा पट्टा पोटावर न येता मांड्यांच्या वरच्या बाजूला राहतो का? खांद्याचा पट्टा गळ्याला न घासता खांद्याच्या मधून जातो का? आणि अख्खा प्रवास मूल तसंच बसू शकतं का? यातलं एकही जमत नसेल, तर बूस्टर राहू द्या.

शेजारी बसलेल्या मोठ्यांनीही बेल्ट लावायलाच हवा. बेल्ट न लावलेलं 70 किलोचं माणूस धडकेत मुलावर जाऊन आदळतं. मागच्या काचेजवळ ठेवलेली स्टीलची बाटली आणि डबाही निघण्याआधी डिक्कीत टाका.