सुभद्रेच्या चाचणीला कोणतं पद गाल?

गेली बावीस वर्षं मी संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करते. पात्रनिवडीच्या दिवशी सकाळपासून ऑर्गनवर बसलेली असते. गळा छान, पण पद, म्हणजे नाटकातलं गाणं, चुकीचं निवडलं, म्हणून एखादी मुलगी हिरमुसून परत जाते तेव्हा जीव तुटतो. त्यासाठी हे लिहिते आहे. उदाहरण ‘संगीत सौभद्र’चंच घेते. अण्णासाहेब किर्लोस्करांचं हे नाटक १८८२ सालचं, पण सुभद्रेच्या भूमिकेसाठी आजही रांग लागते.

आधी संहिता वाचा, नुसती पदं नव्हे. बलरामदादाने लग्न दुर्योधनाशी ठरवलंय आणि सुभद्रेचं मन अर्जुनावर आहे. ती अगतिक आहे, पण रडूबाई नाही. ‘वद जाऊ कुणाला शरण’ हे तिचं पद निम्म्याहून अधिक मुली आणतात. ते तयार हवंच, मागितलं तर म्हणा, पण सुरुवात त्याने करू नका. परीक्षकांच्या कानात त्यातली एकेक जागा मुरलेली असते. तुम्ही तोंड उघडलं की तुलना सुरू होते आणि तुमच्याकडे बघायचं राहून जातं.

त्याऐवजी तीच अडचण दुसऱ्या नाटकात शोधा. देवलांच्या ‘शारदा’मध्ये (१८९९) बाप पैशासाठी पोरीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालाय. तिचं ‘मूर्तिमंत भीति उभी’ सुभद्रेच्या चाचणीला मला फार योग्य वाटतं. लग्न दुसऱ्यांनी ठरवलेलं, दाद कुणाकडे मागायची हे कळत नाही, तेच दुःख आहे. दुसरं पद मात्र उलट स्वभावाचं ठेवा. ‘मानापमान’मधल्या भामिनीचं ‘नाही मी बोलत नाथा’ घ्या. लाडिक रुसवा जमतो का ते त्यात लगेच दिसतं. ‘कट्यार’मधलं तानांचं पद सुभद्रेसाठी आणू नका. तान उत्तम असेल, पण ती सुभद्रा कशी दिसेल हे त्यातून कळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पद एकटं आणू नका, त्याच्या आधीची दोन-तीन वाक्यंही पाठ करून या. संगीत नाटकात गाणं बोलण्यातून उगवतं. एका चाचणीत एका मुलीने शारदेचं पद असंच घेतलं होतं. ती बोलत होती तेव्हा मी खाली हळूच षड्ज-पंचम, म्हणजे सा आणि प, धरून ठेवला होता. शेवटच्या वाक्यावर तिने आवाज उतरवला, शेवटचा शब्द किंचित लांबवला, आणि तो शब्द बरोबर पदाच्या पहिल्या सुरावर येऊन टेकला. श्वास घेतला आणि पद सुरू. सूर शोधणं नाही, खाकरणं नाही, माझ्याकडे बघणं नाही. माझे हात पट्ट्यांवर होते, तरी अंगावर काटा आला. हे घरी करता येतं: तंबोऱ्याचं अ‍ॅप लावा आणि ते एकच वाक्य पन्नास वेळा बोलून पदात शिरा. पहिला सूर सहज हाती लागत नसेल, तर पद बदला.

पट्टीचं, म्हणजे कोणत्या सुराला सा धरून गायचं त्याचं, थोडक्यात सांगते. रियाजात काळी पाच (पाचव्या काळ्या पट्टीवरचा उंच सा) जमते म्हणून चाचणीत काळी पाच सांगू नका. सकाळी दहाला आवाज उघडलेला नसतो. पद सलग दोनदा म्हणून पाहा. प्रयोगात वन्समोर येतो तो असाच लगेच, दम न घेता. दुसऱ्या वेळी तारषड्ज, म्हणजे वरचा सा, ओढावा लागत असेल तर अर्धा सूर खाली या. त्यात कमीपणा काहीच नाही.

रेकॉर्डवरून पद बसवलं असेल तर आधी त्यातल्या ताना काढून टाका आणि मुखडा व एक अंतरा सरळ म्हणा. शब्द ऐकू आले पाहिजेत. ‘ळ’ आणि ‘ण’ स्वच्छ हवेत. हात आपोआप सूर मोजायला लागतो, तो आवरा. सुभद्रा कधी हात हलवत आलाप घेत नाही. सोबत एखादी साकी किंवा दिंडी, म्हणजे त्या त्या छंदातली साध्या चालीची छोटी रचनाही तयार ठेवा. ‘सौभद्र’मध्ये त्या भरपूर आहेत. अशी रचना नुसत्या ऑर्गनवर म्हणून दाखवली की उच्चार, सूर आणि अर्थाची समज एका मिनिटात दिसते. फार थोड्या मुली ती आणतात, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

आत जाण्याआधी एका कागदावर पट्टी, ताल आणि पद कुठे थांबवणार ते मोठ्या अक्षरात लिहून आम्हाला द्या. तबलजीला नुसतं ‘मध्यलय’ सांगू नका, प्रत्येकाची मध्यलय वेगळी असते. मुखडा त्याच्याजवळ जाऊन एकदा गुणगुणा. आणि फोनमधला ट्रॅक राहू द्या. साथीला आम्ही दोघं बसलेलो आहोतच.